दिवाणाने वाडगे सरकवले

दिवाणाने आधी वाडग्याकडे पाहिले, मग नापाससाहेबांकडे पाहिले. उजवा पंजा उचलून त्याने पंजाच्या पाठीने ते वाडगे वीतभर पलीकडे सरकवले, नाकातून एक दीर्घ निःश्वास सोडला आणि ज्याला जे सांगायचे ते सांगून झाले आहे अशा माणसाच्या शांतपणाने तो भिंतीला टेकून बसला. शेजारच्या लहान वाडग्यापुढे धाकटी कुत्री चिमटी या निकालाचीच वाट पाहत होती. तिने आपल्या वाडग्यातला एक दाणा उचलला, दातही न लावता तो तोंडात धरून बाहेरच्या खोलीत नेला, कुठेतरी ठेवला आणि रिकाम्या तोंडाने परत आली. खायचे नसले तरी वाया घालवू नये, एवढी काटकसर तिच्या अंगी होती.

"हं," नापाससाहेब म्हणाले.

नापाससाहेब हे त्यांचे खरे नाव नव्हे, हे सांगायला नकोच. बिस्किटांच्या एका मोठ्या कारखान्यात ते गुणवत्ता तपासनीस होते, आणि हे नाव त्यांना तिथल्या भट्टीवरच्या मंडळींनी पाठीमागे बहाल केले होते. प्रत्येक घाण्यातला एक ट्रे त्यांच्या टेबलावर येई. साहेब एक बिस्किट उचलून कानाजवळ मोडत, तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटत, आणि पसंत न पडल्यास तोंडाने एक अक्षरही न काढता ट्रे बाजूला सारत. ओरडणे, अपमान करणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. आपण कोणाला कधी दुखावले नाही याचे त्यांना मनोमन समाधान होते. ट्रे सारला की समोरचा माणूस निमूटपणे तो उचलून नेई आणि दुसरा घाणा लावी. अशा माणसापुढे घरच्या कुत्र्याने वाडगे सारावे, यातला विरोधाभास त्यांना त्या संध्याकाळी जाणवला नाही. त्यांना जाणवले ते एवढेच, की प्रश्न त्यांच्या विषयातला आहे.

प्रश्न असा होता. त्यांची पत्नी अभिलेखागारात जुन्या कागदांची दुरुस्ती करीत असे. दुसऱ्या एका शहरातल्या अभिलेखागाराच्या तळघरात पाणी शिरून शेकडो जुनी दप्तरे भिजली होती, पाने एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या, आणि ती सोडवायला जाणती माणसे हवी होती. दोन महिन्यांचे काम. तिच्या अभिलेखागाराच्या संचालकबाईंनी सर्वांत आधी हिलाच विचारले होते.

"त्या पानांना ओढायचं नसतं," रात्रीच्या जेवणाला ती सांगत होती, आणि सांगताना तिचा हात टेबलावरच एक न दिसणारे पान उलगडत होता. "वाफेवर धरून बसायचं. कंटाळायचं नाही. मग एक कोपरा आपोआप सुटतो. इतक्या वर्षांत आतलं कोणी वाचलेलं नाही. काय असेल कोण जाणे!"

"मग जा की," नापाससाहेब मोठ्या मनाने म्हणाले.

"जायचं तर आहेच. पण या दोघांचं काय? सकाळ-संध्याकाळ कोंबडी उकडा, हाडं काढा, गाजर कुस्करा, तेव्हा कुठे तोंड लावतात. त्यातही पहिलं वाडगं कधी गोड लागत नाही. काहीतरी वेगळं करून आणावं लागतं. तुम्हाला जमणार आहे का ते?"

वास्तुरचना शिकणारी त्यांची मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याचा एक जिना कापत बसली होती. ती जिन्याकडे पाहतच हसली.

कोरड्या खाद्याचा सल्ला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंचा. दिवाणाचे दात पाहून त्यांनी जी मान हलवली होती ती सगळ्या कुटुंबाने मनाला लावून घेतली होती. मऊ खाऊन खाऊन दातांवर थर चढले आहेत, दोघांनाही कोरड्या दाण्यांवर आणा, असे त्यांनी बजावले होते. "आणि काळजी करू नका," त्या म्हणाल्या होत्या, "कुत्री थोरल्याकडे बघून शिकतात. तुमच्या घरात थोरलं कोण?"

"मीच," पत्नीने तोंड उघडण्याआधी साहेब म्हणाले होते. पत्नी तेव्हा भिंतीवरचे जंतांचे चित्र फार लक्ष देऊन पाहत होती.

तर हे दोघे कोरडे खाऊ लागले, तर आठवड्याच्या शेवटी संचालकबाईंना होकार कळवायचा. नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला जाईल. ही जबाबदारी साहेबांनी आपण होऊन अंगावर घेतली. पत्नीसाठी काहीतरी करावे असे त्यांना खरोखरच वाटत होते. शिवाय, हे आपल्यासारख्या जाणकाराला सहज जमेल असेही वाटत होते, आणि या दोन भावना एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदू शकतात.

सुरुवात त्यांनी शास्त्रशुद्ध केली. दिवाणाने सरकवलेल्या वाडग्यातला एक दाणा उचलून त्यांनी तो कानाजवळ मोडला.

"बाबा!" मुलगी ओरडली. "ते कुत्र्याचं आहे!"

"माहीत आहे." तुकडा जिभेवर गेला, डोळे मिटले. "भाजणी सारखी आहे. कुरकुरीतपणा चांगला. शेवटी थोडा मासळीचा वास येतो, पण तो त्यांच्या दृष्टीने दोष धरता येणार नाही." त्यांनी डोळे उघडले. "पास."

मुलीच्या हातातली कात्री थांबली. "आईच्या कुठल्या भाजीला तुम्ही पास म्हटल्याचं मला आठवत नाही."

"तो वेगळा विषय आहे," साहेब म्हणाले.

माल निर्दोष असताना गिऱ्हाईक तो का नाकारते? या प्रश्नाने त्यांना जे पछाडले ते पछाडलेच. कामावर जाताना, येताना, दाढी करताना ते त्याचाच विचार करू लागले. आणि माणूस एखाद्या गोष्टीचा विचार करतो आहे हे चेहऱ्यावर दिसले, की सल्ला देणाऱ्यांना ते कसे कोण जाणे लांबूनच कळते. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी त्यांना जिन्यातच गाठले.

"शिस्त," मुख्याध्यापक म्हणाले. "वाडगं ठेवायचं. थोड्या वेळाने उचलायचं. विनवणी नाही, चर्चा नाही. मी शाळा अशीच चालवली."

"अहो, ती काय शाळेतली पोरं आहेत?" वरच्या मजल्यावरच्या काकू पिशव्या घेऊन चढत होत्या, त्या दोन पायऱ्यांच्या मध्येच थांबल्या. "मुकी लेकरं ती! कोमट पाणी शिंपडा दाण्यांवर, आणि हाताने भरवा. मायेनं काय होत नाही?"

"मायेनंच बिघडतात."

"तुमच्या शाळेतली किती सुधारली ते माहीत आहे आम्हाला. आमचा धाकटा तिथेच होता."

संभाषण शिक्षणपद्धतीकडे वळल्यावर साहेब हळूच निसटले. ते निःपक्षपाती होते. म्हणून त्यांनी सकाळी शिस्त वापरली आणि संध्याकाळी माया. शिस्तीने एवढेच झाले, की वाडगे उचलताना दिवाणाने सौजन्याने मान वळवून वाट करून दिली. मायेचा परिणाम अधिक रंजक होता. कोमट पाणी दोघांनीही आवडीने प्यायले, अगदी तळापर्यंत, आणि खाली स्वच्छ धुतलेले दाणे तसेच ठेवून दिले. हाताने भरवलेला दाणा दिवाणाने साहेबांच्या भावना लक्षात घेऊन तोंडात घेतला, थोडा वेळ गालात ठेवला आणि त्यांची पाठ वळताच गालिच्यावर हलकेच सोडला. चिमटी तर देईल तेवढे दाणे घेत होती आणि एकेक करून बाहेरच्या खोलीत पोचवत होती. ती ते कुठे ठेवते, हा प्रश्न साहेबांना तेव्हा दुय्यम वाटला.

त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकात मिळाले. घरापासून आपल्या उजव्या पायाला काय टोचते आहे याचा ते विचार करीत होते. बुटाचा खिळा असावा असा त्यांचा कयास होता. फाटकाशी ते पहारेकऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले, बूट काढला, उपडा केला, आणि सिमेंटवर तपकिरी दाणे टपटप पडले.

पहारेकरी खाली वाकला. "साहेब, हे आपल्याकडचं आहे का?"

"नाही."

"मग बाहेरचं खाण्याचं आत आणताय?"

"आणत नाही. ते आलं आहे."

"पण बुटातून?" पहारेकऱ्याचा चेहरा विचारी झाला. कारखान्याच्या नियमाप्रमाणे बाहेरचा कोणताही खाद्यपदार्थ आवारात आणायला सक्त मनाई होती, आणि तो नियम साहेबांनीच आग्रह धरून करवून घेतला होता. "साहेब, अडचण अशी आहे, की आतून बाहेर जाणारा माल पकडला तर काय करायचं हे आम्हाला ठरवून दिलंय. बाहेरून आत आलेला पकडायचा कसा हे कोणी सांगितलेलं नाही. असं करू, हा माल काल आतून बाहेर गेला आणि आज परत आला असं दाखवू. मग सगळं नियमात बसतं."

"म्हणजे मी चोरला असं दाखवणार?"

"परत आणलात ना! प्रामाणिकपणा दिसतो त्यात."

व्यवस्थापकांना बोलवावे लागले. व्यवस्थापकांनी दाणा उलटसुलट पाहिला, हुंगला, आणि हे नक्की काय आहे असे विचारले. साहेब खोटे बोलत नसत. तेव्हापासून दुपारपर्यंत ही बातमी पॅकिंगपासून बॉयलरपर्यंत कशी पोचली ते वेगळे सांगायला नको. भट्टीवरचा मुकादम नेहमीप्रमाणे ट्रे घेऊन आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खरी वेदना होती.

"एक विचारू का साहेब? आमची बिस्किटं तुम्हाला चालत नाहीत, त्याचं काही नाही. पण कुत्र्याची बुटात घालून आणता, हे मनाला लागलं बघा."

मागे कोणीतरी जोराने खोकले. साहेबांनी त्या दिवशी कधी नव्हे ते तीन घाणे लागोपाठ पास केले. ते चांगले होते की नाही, हे त्यांना आजही सांगता येणार नाही.

घरी येऊन त्यांनी बूट कपाटात वर ठेवले आणि मुख्याध्यापकांच्या दारावर टकटक केली, कारण मानी माणसालाही कधी कधी आपल्याहून मानी माणसाकडे जावे लागते.

"तुम्ही त्यांच्यासमोर खाऊन दाखवलंत का?" मुख्याध्यापकांनी विचारले. "शिक्षकाने आधी स्वतः गणित सोडवून दाखवायचं असतं."

"चाखून पाहिलं आहे."

"चाखणं वेगळं. तुम्ही चाखलंत तपासनीस म्हणून. खायला हवं भुकेल्यासारखं. खाली बसून. आवडीनं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरातल्या दोघी आपापल्या कामात आहेत असे पाहून नापाससाहेब स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून बसले. एका बाजूला दिवाण, दुसऱ्या बाजूला चिमटी, समोर वाडगी. त्यांनी मूठभर दाणे तोंडात टाकले. "वा!" ते म्हणाले. त्यात पुरेसा जिव्हाळा आला नाही असे वाटून त्यांनी पुन्हा म्हटले, "वा वा! काय भाजलंय! मऊ नाही, करपलं नाही!" दिवाणाने डोके तिरके केले. तो उठला, साहेबांच्या तोंडाजवळ नाक आणून त्याने बराच वेळ हुंगले, आणि मग वाडग्यात तोंड घातले.

कुर्रम.

तो आवाज साहेब कधी विसरणार नाहीत. लाखो बिस्किटे त्यांनी कानाजवळ मोडली होती, पण एवढे स्वच्छ, एवढे भरीव कुर्रम त्यांनी कधी ऐकले नव्हते. कुर्रम, कुर्रम. मागोमाग चिमटीचे बारीक कुर्रम सुरू झाले. हर्षभराने साहेबांनी आणखी एक मूठ तोंडात टाकली, दिवाणाच्या वाडग्यातूनच, आणि दिवाणाच्या खांद्याला खांदा लावून चावू लागले. नेमक्या त्या क्षणी दारातून आवाज आला, "या ना, आत या, इथेच बसू."

पत्नीच्या मागे संचालकबाई उभ्या होत्या. कामावरून घरी जाता जाता होकार घेऊन जावा म्हणून त्या आल्या होत्या. त्यांनी फरशीवरच्या तिघांकडे पाहिले. तिघेही चावत होते.

"मी थोड्या वेळाने येऊ का?" त्यांनी अदबीने विचारले.

"चाचणी चालू आहे," साहेब भरल्या तोंडाने म्हणाले. त्यांना हे वाक्य रुबाबदार वाटले होते. पण वाक्याबरोबर एक दाणाही बाहेर आला.

साहेब उठले, गुडघे झटकले आणि टेबलाशी येऊन बसले. पत्नीने कॉफी केली. बोलणे सुरू झाले, पाणी कुठवर चढले होते, कागदाला बुरशी लागली आहे का, राहायची सोय कशी आहे. पत्नी एकामागून एक प्रश्न विचारत होती, आणि तिच्या प्रश्नांतून ती तिथे जाऊन पोचली आहे असेच वाटत होते. मागे कुर्रम कुर्रम चालूच होते. साहेबांना धन्य वाटले. त्यांनी कॉफीचा घोट घेतला. पातळ होती.

कुर्रम थांबले.

त्यांनी वळून पाहिले. दिवाण भिंतीला टेकून बसला होता आणि वाडगे वीतभर पलीकडे होते.

"मग काय ठरलं?" संचालकबाई विचारत होत्या. "मला परवा नावं पाठवायची आहेत."

पत्नीने वाडग्याकडे पाहिले. "उद्या संध्याकाळी सांगितलं तर चालेल?" ती म्हणाली. आवाजात निराशा नव्हती, आणि हेच साहेबांना टोचले. निराश व्हायलाही आधी आशा धरावी लागते. तिने साहेबांपुढचा कप उचलला, नवी कॉफी टाकली आणि दुसऱ्या शेगडीवर कोंबडी उकडायला ठेवली.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी नापाससाहेबांना त्या अर्धवट राहिलेल्या वाडग्याखेरीज काही सुचले नाही. आता त्यात अपमानाचा भाग उरला नव्हता. होते ते निव्वळ कुतूहल. माल तोच. वाडगे तेच. वेळ तीच, जागा तीच, खाणारेही तेच. निम्मे वाडगे आवडीने खाल्ले आणि निम्मे नाकारले, असे का व्हावे? कारखान्यात एकाच घाण्यातले निम्मे ट्रे बिघडले, तर ते भट्टीचे दार मध्येच कोणी उघडले होते का, हे पाहत. मग इथे मध्येच कोणते दार उघडले? संचालकबाई? पण त्या आल्यानंतरही कुर्रम बराच वेळ चालू होते. कॉफीचा वास? कॉफी घरात रोजच होते. त्यांनी ठरवले, की आज काही करायचे नाही. विनवणी नाही, शिस्त नाही, अभिनय नाही. नुसते पाहायचे.

संध्याकाळी जेवायला भोपळ्याची भाजी होती. वाडगी ठेवली गेली, ताटे वाढली गेली. भोपळ्याविषयी साहेबांचे मत घरात सर्वांना माहीत होते आणि त्यांनी ते कधी बोलून दाखवलेले नव्हते. दिवाणावर नजर ठेवूनच त्यांनी पहिला घास घेतला, आणि एक विचित्र गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. दिवाण वाडग्याकडे पाहतच नव्हता. तो त्यांच्याकडे पाहत होता. वाडग्यात काय आहे हे त्याला ठाऊकच होते. तो वाट पाहत होता ती दुसऱ्याच कशाची.

साहेबांचा उजवा हात उठला. विचार दिवाणाचा चालू होता, हाताचे काम हात करीत होता. पालथ्या पंजाने त्यांनी ताट वीतभर पलीकडे सरकवले आणि नाकातून एक दीर्घ निःश्वास सोडला.

दिवाणाचा उजवा पंजा उठला. पालथ्या पंजाने त्याने वाडगे वीतभर पलीकडे सरकवले आणि नाकातून एक दीर्घ निःश्वास सोडला.

साहेब आपल्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी सावकाश ताट पुढे ओढले आणि एक घास घेतला. दिवाणाने मान लांब करून वाडग्यातले चार दाणे घेतले. कुर्रम. साहेबांनी ताट सरकवले. पंजाने वाडगे सरकवले. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणे त्यांच्या पेशाला मंजूर नव्हते. त्यांनी पुन्हा ताट ओढले. कुर्रम. पुन्हा सरकवले. पंजा.

"अहो, काय चाललंय काय?" पत्नी म्हणाली. "एकदा काय ते सांगा. करू का आम्लेट, की नको?"

साहेबांनी वर पाहिले. पत्नी अर्धी उठलेली होती. एक हात टेबलावर, एक खुर्चीच्या पाठीवर, गुडघे वाकलेले. ती उभी नव्हती आणि बसलेलीही नव्हती. ताट सरकले की ती उठत होती आणि ताट ओढले की बसत होती; साहेबांचे लक्ष कुत्र्याकडे असताना तिची ही उठबस त्यांच्यासमोरच केव्हाची चालली होती.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आता आणखी एकदा तपासलंत तर आईचे गुडघे जातील."

"तुला हे माहीत होतं?"

"दिवाण तुमची नक्कल करतो हे? मला वाटलं सगळ्यांनाच माहीत आहे. माझ्या मैत्रिणी मुद्दाम बघायला येतात."

नापाससाहेबांना कारखान्यातल्या टेबलाची आठवण झाली. ट्रे सारला की तो कोण उचलून नेतो, त्याला दुसरा घाणा लावायला काय पडते, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. ते त्यांचे काम नव्हते. पण तिथे निदान पाळी संपली की भट्टी थंड होत होती.

"पण मी कधी काही बोललो का?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ते खरोखर विचारत होते. "इतक्या वर्षांत तुझ्या स्वयंपाकाला एका शब्दाने तरी नावं ठेवली?"

"नाही बोललात," पत्नी म्हणाली. "सरकवलंत."

"मग तू तरी सांगायचंस."

ती अजून तशीच अर्धवट उभी होती. तिने आपल्या वाकलेल्या गुडघ्यांकडे अशा नजरेने पाहिले, जणू ते दुसऱ्याच कोणाचे असावेत. "काय सांगणार?" ती म्हणाली. "ताट सरकलं की उठायचं, वाडगं सरकलं की उठायचं. मी उठते हे मलासुद्धा आजच दिसतंय."

दिवाण साहेबांकडे पाहत होता. चिमटी दिवाणाकडे पाहत होती. थोरले कोण, याविषयी त्या घरात आता कोणाच्याच मनात संदेह उरलेला नव्हता.

"बस," साहेब म्हणाले. "आम्लेट नको."

त्यांनी ताट ओढले. भोपळ्याची भाजी शेवटपर्यंत खाण्यात शौर्य ते काय, असे ज्यांना भोपळा आवडतो ते म्हणतील. त्यांनी म्हणावे. साहेबांनी घास घेतला, चावला, गिळला. चेहरा वाकडा करायची सोय नव्हती, कारण समोर चार डोळे एकटक लागले होते आणि एखादी भुवई हलली तरी निकाल फिरला असता. गोडसर, मऊ, आकार नसलेले ते काहीतरी जिभेवरून जात असताना त्यांनी मनातल्या मनात 'वा' म्हणून पाहिले. पलीकडे पत्नी खुर्चीची कड घट्ट धरून बसली होती; तिला बसणे जमत नव्हते. मध्येच एकदा साहेबांचा हात सवयीने उठला, अन् ती उठली, अन् पंजा उठला. साहेबांनी त्या हाताने मीठ घेतले. सगळे खाली बसले.

कुर्रम, कुर्रम, कुर्रम. वाडगे रिकामे झाले. दिवाणाने ते चाटून पुसून स्वच्छ केले आणि साहेबांच्या ताटाकडे पाहिले. तेही स्वच्छ होते.

"आवडली भाजी?" पत्नीने विचारले.

साहेब खोटे बोलत नसत. त्यांनी बराच विचार केला. "नाही," ते म्हणाले. "पण संपली."

पत्नी हसू लागली. हसता हसता तिने डोळे पुसले, फोन उचलला आणि संचालकबाईंना म्हणाली, "हो, मीच जाते. माझं नाव टाका."

ती गेली. स्वयंपाकाची पाळी मुलीने आणि साहेबांनी वाटून घेतली. मुलगी प्रमाणात जिने बांधत होती, पण मीठ तिला प्रमाणात पडत नव्हते. साहेबांच्या स्वतःच्या स्वयंपाकाविषयी तर, त्यांनी आयुष्यभर ज्या कसोट्या लावल्या होत्या त्या पाहता, न बोललेलेच बरे. कारखान्यात मात्र एक बदल मुकादमाच्या लक्षात आला. साहेब अजूनही ट्रे नापास करत, पण आता ते उठून स्वतः भट्टीपर्यंत जात आणि काय चुकले ते तोंडाने सांगत. मुकादमाला हे आधीपेक्षा जास्त त्रासाचे वाटे.

एका संध्याकाळी ते जेवायला बसले असताना पत्नीचा फोन आला. एका दप्तराची पहिली पाने सुटली होती. ती भराभर सांगत होती, की आत कोण्या कारकुनाने दोनशे वर्षांपूर्वी कचेरीतल्या मांजराला दुधाची मंजुरी मागितलेली आहे, आणि पुढचे पान अजून चिकटलेले आहे, त्यामुळे मंजुरी मिळाली की नाही ते कळायला आठवडा लागेल.

"वाफेवर धर," साहेब म्हणाले. "ओढू नकोस."

"मला शिकवताय?" ती हसली. मग तिने विचारले, "जेवण झालं का?"

तिने हे नेमके कोणाविषयी विचारले ते साहेबांना कळले नाही. विचारायची गरजही वाटली नाही. "चाललंय," ते म्हणाले. "तिघांचंही."

त्यांच्या ताटात मुलीने केलेली वांग्याची भाजी होती. निदान वांगे तिने आणले होते एवढे नक्की. पुढे त्याचे काय झाले ते रंगावरून सांगता येत नव्हते. साहेबांनी फोन कानाशी धरून ताटाकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

भिंतीजवळ दिवाणाने पंजा उचलला.

साहेबांनी घाईघाईने घास उचलला.